वाचकांचे प्रश्न : गाठ भिजण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत एकच काळजी आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. तिन्ही घरांतला कर्ता माणूस कामानिमित्त दूर आहे, आणि पूर, वीज किंवा भूकंप आलाच तर मागे राहिलेल्या माणसांनी काय करावे, हा प्रश्न आहे.

प्रश्न : आमचे गाव वसमत तालुक्यात आहे. यजमान चाकणजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असून दीड-दोन महिन्यांतून एकदा, तेही दोन दिवसांसाठी येतात. घरी मी, गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई, चौथीतला मुलगा आणि अंगणवाडीतली मुलगी असतो. शिवाय दोन म्हशी, एक गाय आणि पाच शेळ्या आहेत. घर जुने, दगड-मातीच्या भिंतींचे आहे. मागच्या खोलीवर माळवद आणि पुढच्या पडवीवर पत्रे आहेत. 2024 साली भूकंपाचे धक्के बसले तेव्हापासून जमिनीतून जरा गुरगुर झाली तरी मुले उठून बसतात. घरामागच्या ओढ्याची भीती वेगळीच. यजमान म्हणतात, "काही झाले तर लगेच फोन कर." पण फोन लागलाच नाही तर मी काय करावे?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे मी उत्तर तिथूनच सुरू करतो. महसूल खात्यातल्या नोकरीत मी पुराचे अनेक पंचनामे केले. त्यांपैकी एका गावात गोठ्यातली म्हैस खुंट्याला बांधलेल्या स्थितीतच बुडून मेलेली होती. गळ्यातले दावे ताणले गेले होते आणि खुंट्यावरची गाठ पाण्याने फुगून लाकडासारखी कडक झाली होती. दोन हातांवर, कुडाला विळा अडकवलेला होता. म्हशीची मालकीण धडधाकट होती, पाणी चढताना ती गोठ्यातच उभी होती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी त्यांना फोन लावत होते, लागत नव्हता. सोडली असती अन् वाहून गेली असती, तर त्यांना काय सांगितलं असतं?" पंचनाम्याच्या कागदावर हे लिहायला रकाना नसतो, परंतु त्या घराचे नुकसान पाण्याइतकेच त्या न लागलेल्या फोनने केले होते, असे माझे मत आहे.

तेव्हा यजमान पुढच्या वेळी येतील त्या दोन दिवसांतला एक तास यासाठी काढा आणि सासूबाईंनाही सोबत बसवा, कारण ऐन वेळी "त्याला विचारलंस का?" हा प्रश्न बहुधा त्यांच्याकडूनच येईल. कोणती खूण दिसली की तुम्ही कोणालाही न विचारता काय करणार, हे तिघांनी मिळून ठरवायचे आहे. ओढ्यावरचा धुण्याचा दगड बुडाला की जनावरे सोडायची आणि वाटेवरच्या बाभळीच्या बुंध्याला पाणी लागले की घर सोडायचे, इतकी ती खूण साधी आणि डोळ्यांना दिसणारी असावी. ज्यांना चालता येत नाही त्या सासूबाईंना मात्र बाभळीच्या खुणेपर्यंत थांबवू नका. पाऊस लागून राहिला आणि आभाळ उघडण्याचे चिन्ह नसले तर दिवस मावळायच्या आत त्यांना उंचावरच्या घरी किंवा शाळेत नेऊन बसवा. त्यांना कोण नेणार, दुचाकीवर की खाटेवर, हे त्या शेजाऱ्याला आजच विचारून ठेवावे. तुमच्याच तालुक्यातील कुरुंदा गावात जुलै 2022 मध्ये घराघरांत पाणी शिरले होते. ओढ्याचे पाणी नदीसारखे दिवसभर हळूहळू चढत नाही. वरच्या शिवारात पाऊस झाला की तुमच्याकडे पाऊस थांबलेला असतानाही लोंढा येतो. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढे दिसले तरी दुचाकी घालू नये, कारण खालची फरशी जागेवर आहे की नाही हे गढूळ पाण्यातून दिसत नाही.

आता दाव्याविषयी. पावसाळ्यात जनावरे निरगाठीने बांधू नयेत. एका टोकाला ओढले की सुटेल अशी सुरगाठ मारावी, आणि ती अंधारात, एका हाताने सोडून पाहावी. चौथीतल्या मुलालाही ती सोडता आली पाहिजे, मात्र पुराच्या वेळी त्याला गोठ्यात पाठवायचे नाही. जी जनावरे गाठ ओढून सुटतात म्हणून तुम्ही निरगाठ मारता, त्यांच्या खुंट्याजवळ धार लावलेला विळा कायम अडकवलेला असू द्या आणि दावे कापायला क्षणभरही कचरू नका. मोकळे सुटलेले जनावर पोहते आणि उंचवटा शोधते. सापडले नाही तर गेले, पण बांधलेल्याला तेवढीही संधी नसते. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. तो वाचता येईल असा प्रत्येक जनावराचा फोटो तुमच्या आणि यजमानांच्या, अशा दोन्ही फोनमध्ये ठेवावा. दुर्दैवाने जनावर दगावलेच, तर फोटो काढल्याशिवाय, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केल्याशिवाय आणि पंचनामा झाल्याशिवाय ते पुरू नये. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या आपत्ती निधीच्या निकषांत दुधाळ म्हशीसाठी 37,500 रुपये आणि शेळीसाठी 4,000 रुपये मदत धरलेली होती. म्हशीच्या बाजारभावापुढे ही रक्कम तोकडी असली तरी ती सोडून देण्यासारखीही नाही.

भूकंपाची भीती तुम्हाला वाटते ती निराधार नाही. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले होते. त्या धक्क्यांनी गावे पडली नाहीत, हेही लक्षात ठेवावे. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला जो भूकंप झाला, त्याआधीच्या नकाशात तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. त्या भूकंपात सुमारे 10,000 माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. ऑक्टोबरात आम्ही तिथे कामावर होतो, तेव्हा पडलेल्या भिंतींचा छेद उघडा दिसत असे: आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि चिपा, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसताच ते दोन थर दोन दिशांना कोसळले आणि त्यांच्यावर टेकलेले माळवद खाली आले. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी आपण नवी माती टाकतो, जुनी मात्र काढत नाही. त्यामुळे आजोबांच्या काळात वीतभर असलेला थर नातवाच्या काळात गुडघाभर झालेला असतो.

म्हणून पहिले काम असे की, माळवदाखालच्या खोलीत झोपणे बंद करावे. अंथरुणे पुढच्या पडवीत घाला, तीही दगडी भिंतीला डोके लावून नव्हे. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड उतरवून घ्या. ते भूकंपात खाली येतात आणि वळवाच्या वावटळीतही पत्र्यासकट उडतात. त्याऐवजी पत्रे हुकाच्या बोल्टने लोखंडी पाइपला आवळून घ्यावेत; लोहार किंवा वेल्डिंगवाला हे काम एका दिवसात करतो. झोपण्याच्या जागेवरच्या फळीवर पितळी भांडी, ट्रंक, वरवंटा असे काहीही ठेवू नका, आणि कोपऱ्यातली उतरंड अंथरुणावर पडणार नाही इतकी दूर सरकवा. दाराची कडी वर असेल तर मुलाचा हात पोहोचेल अशी दुसरी कडी खाली बसवा. चपला आणि बॅटरी उशाशी असाव्यात. माळवदावरची जास्तीची माती उन्हाळ्यात माणसे लावून उतरवता येते. पैसे हाताशी आले की भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे खुंट बसवणे आणि दाराच्या वरच्या पातळीवर घराभोवती काँक्रीटचा पट्टा घालणे ही कामे जाणत्या अभियंत्याला विचारून करावीत. आपल्याकडे पैसे आले की आधी दर्शनी भिंत रंगते, हे मी यजमानांच्या माहितीसाठी लिहून ठेवतो.

हादरे बसू लागल्यावर तुमच्यासारख्या घरात पडवीतून अंगणात पोहोचायला चार पावलेच लागत असतील तर लगेच बाहेर यावे आणि भिंत, विजेचा खांब व तारा यांपासून दूर बसावे. मागच्या खोलीत अडकलात तर मात्र धावू नका. मजबूत लाकडी खांबाजवळ किंवा पलंगाशेजारी खाली बसून डोके झाका. धक्का थांबल्यावर काही घेण्यासाठी परत आत जाण्याचा मोह टाळावा, कारण मागून येणारे लहान धक्के आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंती पाडतात.

तुम्ही पत्रात विजेचा उल्लेख केलेला नाही. पण म्हशी चारायला शिवारात जाणाऱ्या बाईसाठी ती भूकंपापेक्षा नित्याची आपत्ती आहे, विशेषतः रोहिणी-मृगात आणि पुन्हा परतीच्या पावसात. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजावेत; तिसाच्या आत आवाज आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. लिंबाखाली, बाभळीखाली, तारेच्या कुंपणाजवळ किंवा विहिरीवरच्या मोटारीपाशी थांबू नये. माळावरच सापडलात तर दोन्ही पाय जोडून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आगाऊ दाखवते.

कागदपत्रांत खरी मेख आहे. नुकसानभरपाई थेट बँक खात्यात येते आणि ते खाते ज्याच्या नावावर सातबारा किंवा घर आहे त्याचे असावे लागते. तुमच्याकडे ते यजमानांच्या की अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या नावावर असेल तर वारसाची नोंद आधी करून घ्या, कारण पूर ओसरल्यावर तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, जी रांग लागते तिच्यात वारसाचे प्रकरण शेवटी पडते. दुसरे म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक यजमानांचा असेल तर ओटीपी चाकणला जाणार, आणि कारखान्यात पाळीच्या वेळी फोन लॉकरमध्ये असतो. म्हणून यजमानांनी सुपरवायझरचा आणि कारखान्याच्या फाटकावरचा क्रमांक तुम्हाला लिहून द्यावा. लिहून याचा अर्थ कागदावर, कारण फोन बंद पडला की त्यातले सगळे क्रमांकही बंद पडतात. त्याच कागदावर 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077, विजेच्या तक्रारीसाठी 1912 आणि गॅसगळतीसाठी 1906 हे क्रमांक असावेत. एखादा नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यातला निवडा. तुम्ही आणि यजमान दोघांनीही त्याला निरोप द्यायचा. नेटवर्क कोलमडले असताना बोलणे होत नाही, तरी लहानसा संदेश कधीकधी निघून जातो. "आम्ही शाळेत आहोत, सगळे बरे" एवढे पुरते.

सामानाबद्दल थोडक्यात लिहितो. आधार, रेशनकार्ड, पासबुके, सातबाऱ्याचा उतारा आणि गॅसचे पुस्तक यांच्या प्रती जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खतांच्या रिकाम्या गोणीत ठेवा. ती खुंटीला टांगलेली असावी, ट्रंकेत कुलूपबंद नको. पन्नास-शंभरच्या नोटांत दोन-तीन हजार रुपये वेगळे ठेवा, कारण वीज आणि नेटवर्क गेल्यावर दुकानदार फोनवरचे पैसे घेऊ शकत नाही. सासूबाईंची औषधे पंधरा दिवसांची, भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, काडेपेटी पिशवीत बांधून. पूर ओसरल्यावर आडाचे पाणी ग्रामपंचायतीने टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, टाकेपर्यंत पिऊ नये. गाळून, खळखळ उकळून तेवढेच प्यावे. जुलाब लागले तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे, चमचा चहाचा. आणि परत घरात शिरताना काठीने अंथरुणे, लाकडे, कडब्याची पेंडी हलवून पाहा. पाण्याने बिळे बुजली की नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक काहीही नको. हातपाय हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी मस्कतमध्ये नोकरी करतो. आई-वडील आणि पत्नी नांदेडला गोदावरीच्या पूररेषेजवळच्या वस्तीत राहतात. धरणातून विसर्ग वाढला अशी बातमी दिसली की मी दर तासाला फोन करतो. सप्टेंबर 2025 मध्ये तर रात्रभर जागा होतो. इतक्या दुरून मी नेमके काय करू शकतो?
— एक वाचक, मूळचे नांदेड

उत्तर : सर्वप्रथम, दर तासाला फोन करणे थांबवा, हे थोडे कठोर वाटले तरी लिहितो. वीज गेलेल्या घरात फोनची बॅटरी हीच शिदोरी असते आणि ती तुमची काळजी ऐकण्यात संपते. दोन वेळा ठरवून घ्या, मस्कत आपल्या दीड तास मागे आहे हे धरून. मधल्या वेळेत फोन त्यांनीच करायचा.

दुसरे म्हणजे विसर्गाचे आकडे वाचायला शिका. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी, हे गणित बातमीत नसते. पण त्याहून उपयोगी गणित तुमच्या वस्तीतच आहे. जायकवाडी दूर वर आहे आणि तिथले पाणी नांदेडला यायला वेळ लागतो. विष्णुपुरीचे दरवाजे मात्र शहराच्या उंबरठ्यावर आहेत, आणि मध्ये पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरचे पाणीही गोदावरीतच येते. सप्टेंबर 2025 मध्ये विष्णुपुरीचा कोणता आकडा जाहीर झाला तेव्हा पाणी तुमच्या गल्लीतल्या कोणत्या पायरीला लागले, हे वडिलांना विचारून वहीत लिहून घ्या. एका पुराची अशी नोंद असली तरी पुढच्या वेळी पायरी बुडायच्या आत निघता येते.

निघायचे कुठे, हेही आधीच ठरलेले असावे. उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाला तुम्ही स्वतः तिकडून फोन करून "अमुक झाले तर आईबाबा तुमच्याकडे येतील" असे सांगा. म्हातारी माणसे न कळवता कोणाच्या दारात जायला संकोचतात आणि त्या संकोचापायी घरात बसून राहतात. तो संकोच परदेशातला मुलगा एका फोनने काढू शकतो. फ्रिज, दिवाण, मोटारसायकल यांच्यासाठी कोणीही मागे थांबायचे नाही, हेही तुमच्याच तोंडून गेले पाहिजे, कारण त्या वस्तू तुमच्या पैशांतून आल्या आहेत आणि म्हणून त्यांना त्या सोडवत नाहीत.

कायद्याची दोन कामे पुढच्या सुट्टीत उरकून टाका: पत्नीसोबतचे संयुक्त खाते आणि घराच्या विम्याची पॉलिसी वाचून पाहणे. घर तुमच्या नावावर असेल तर दावा, अर्ज, सही यांसाठी पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवता येते. पूर येऊन गेल्यावर हे करायला घेतले तर घर गाळाने भरलेले असते आणि कागद टपालात असतो.

प्रश्न : यजमान सैन्यात आहेत. मी उदगीरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाच्या बाळासह राहते. भूकंप झाला तर बाळाला घेऊन जिन्याने खाली पळावे का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : नाही. पहिल्या प्रश्नातल्या ताईंना अंगणात यायला सांगितले आणि तुम्हाला थांबायला सांगतो आहे, यात विसंगती नाही. त्यांचे घर दगड-मातीचे असून अंगण चार पावलांवर आहे, तुमचे घर काँक्रीटच्या सांगाड्याचे असून अंगण तीन जिने खाली आहे. हादरत्या जिन्यावर बाळाला घेऊन तोल जाण्याचा धोका घरात थांबण्यापेक्षा मोठा आहे, आणि लिफ्ट तर वापरायचीच नाही. बाळाला छातीशी धरून मजबूत टेबलाखाली जा आणि टेबलाचा पाय धरून ठेवा; टेबल नसेल तर आतल्या भिंतीला लागून, काचांपासून दूर खाली बसून बाळावर ओणव्या राहा. हादरे थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य खटका बंद करून जिन्याने उतरावे.

बाळाच्या पाळण्याच्या किंवा पलंगाच्या वर फोटोची चौकट किंवा घड्याळ असेल तर ते आजच उतरवा, सामानाचा माळा असेल तर तो रिकामा करा, आणि कपाट भिंतीला लोखंडी कोनपट्टीने पक्के करून घ्या. भाड्याचे घर असले तरी घरमालकाला विचारून स्क्रूची चार भोके पाडता येतात. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंकडे घराची एक किल्ली द्या. तुम्ही दूध आणायला खाली गेला असताना बाळ वर झोपलेले असू शकते.